साडूंची केळी

घोड नदी आमच्या साडूंच्या ताब्यात असती, तर तिचा एक थेंब पुढे भीमेत गेला नसता आणि दौंडकरांनी वर्षातून एकदा, तीही लग्न असेल तरच, अंघोळ केली असती. गळती ही साडूंची जन्माची वैरीण. शिक्रापूरच्या एका कारखान्यात पाण्याचे व्हॉल्व्ह बनतात. त्यांत हवा भरायची, टाकीत बुडवायचे आणि बुडबुडा दिसला की लाल खडूने फुली मारायची, हे काम ते मिसरूड फुटल्यापासून करत आहेत. खिशात खडू आणि डोळ्यांत संशय घेऊनच हा माणूस कुठेही जातो. माझ्या घरी पाणी दिलं की पिण्याआधी तांब्या उचलून बूड बघतात. न्हावऱ्याच्या एका लग्नात त्यांनी पाण्याच्या जारवर फुली मारली, तर अख्ख्या वऱ्हाडाने कोरड्या घशाने पंगत उरकली. स्वतःच्या लेकीच्या पाठवणीत सारा मांडव रडत होता, हे ठणठणीत कोरडे. मेहुणीने डोळे वटारले तर म्हणाले, "आपल्यात लिकेज न्हाई."

अशा माणसाने पन्नाशीत पुन्हा कुंभारकामाला लागावं, म्हणजे मांजराने पोहण्याच्या क्लासला नाव घालण्यासारखं. पुन्हा म्हणतो, कारण साडू मूळचे निमोण्याच्या कुंभाराच्या घरचे. दहावीपर्यंत चाकावर बसले, मग आयटीआय आणि मग हे व्हॉल्व्ह. वडील, म्हणजे आबा, मात्र शेवटपर्यंत मडकी घडवत राहिले. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याने भरून ठेवतात ती मातीची केळी साऱ्या गावात आबांच्या हातची असायची. आबा गेल्यावरच्या पहिल्या आखितीला साडूंनी शिरूरच्या बाजारातून केळी आणली. त्यांच्या आईंनी ती हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवली आणि त्या म्हणाल्या, "गावाच्या समद्या पितरांला तुझ्या बापानं पाणी पाजलं. आन् त्येला इकतची केळी?"

तेवढ्यावर साडू पेटले. दर सुट्टीला ट्रकांच्या रांगांतून मोटरसायकल काढत निमोणं गाठायचं आणि माळ्यावरून उतरवलेल्या चाकाशी झटायचं. पहिली केळी चाकावरच अशी बसली की भाजल्यावर आईंनी तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं. साडू कारखान्यात म्हणाले, "ह्या खेपंला बी केळी गेली," तेव्हा साहेबांनी हळहळून पीकविमा काढलाय का, असं विचारलं.

दिवाळीनंतर बोटांना जुनी ओळख पटली. केळ्या अशा देखण्या उतरू लागल्या की बघतच राहावं. पण साडू भाजलेली प्रत्येक केळी पिंपात बुडवत. माती ती, बुडबुडे यायचेच. की मार फुली. लाल फुल्यांची मडकी अंगणात इतकी साठली की नव्याने आलेला एसटीचा कंडक्टर दवाखाना समजून जुलाबाचं औषध मागायला आला.

मी एकदा म्हणालो, "अहो, पाझरतो म्हणून तर माठ गार असतो."

"माठाचं सांगू नका पाव्हणं. हे आबासाठी हाय. ह्यात डिफेक्ट चालायचा न्हाई."

यंदा आखितीच्या सकाळी त्यांनी शेवटची भट्टी उघडली. तिच्यातली एकच केळी धड निघाली. ती घेऊन साडू पिंपाकडे वळतात तो काय, आई पिंपावर झाकण टाकून वर मांडी घालून बसलेल्या.

"ही बुडवलीस तर म्या बी बुडी मारीन," त्या म्हणाल्या.

साडूंचा नाइलाज झाला. न तपासलेली केळी गव्हाच्या राशीवर बसली, पाण्याने भरली, शेजारी आंबा आला. नैवेद्य दाखवून आम्ही पानं मांडतोय, तेवढ्यात साडूंना दिसलं. खालचे गहू ओले झाले होते आणि पाणी दोन बोटं उतरलं होतं. वर्षभर राबलेल्या माणसाचा चेहरा असा पडला की माझ्या तोंडातली थट्टा तोंडातच राहिली. त्यांचा हात खिशात गेला आणि लाल खडू घेऊन बाहेर आला.

आईंनी मनगट धरलं. "ठिव त्यो खडू. गळतंय कुठं? तुझा बाप पितोय."

साडू केळीकडे बघत उभे राहिले. मग खडू खिशात टाकून त्यांनी तांब्या भरून आणला, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याचं बूड न बघता केळीत हळूहळू ओतला.

जेवणं झाली, ऊन कलायला लागलं. पाणी जरा उतरलं की साडू उठत, भरत आणि पुन्हा समोर येऊन बसत. शेवटी मी म्हणालो, "निघायचं का? उद्या तुमची पहिली शिफ्ट आहे."

"थांबा पाव्हणं," साडू केळीवरची नजर न काढता म्हणाले. "आबा आजून पित्यात."