नसीम, तू एकटी आली नव्हतीस

नसीम फार सफाईने खोटं बोलायची.

आठवीत माझ्या हातून सिस्टरांच्या टेबलावरची शाईची दौत सांडली. नसीम उठून म्हणाली, "सिस्टर, वारा आला."
खिडक्या बंद होत्या.
दोघी तासभर व्हरांड्यात उभ्या होतो. हसू आवरत नव्हतं.

तेव्हा ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. गेल्या वर्षी माझ्याशी बोलली.

आज तिला जाऊन चाळीस दिवस झाले.

नेवाशाच्या शाळेत ती शिकवायची. फळ्याच्या फक्त खालच्या अर्ध्यावर लिहायची, कारण उजवा हात वर धरला की जड व्हायचा, निळसर पडायचा.
मी विचारलं की म्हणायची, "अगं, माझी मुलंच बुटकी आहेत."

दंड सुजला, बांगड्या रुतायला लागल्या, तेव्हा मीच तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. तीनदा.
ती आत. मी बाहेर बाकावर, तिची पर्स मांडीवर घेऊन.

"मानेचं आहे गं. वयाचं. व्यायाम सांगितलाय."
मी विश्वास ठेवला. रोज फोन करून विचारायचे, व्यायाम केलास का.
"केला की."

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या जावेने, शबानाने, माझ्या हातात फाईल ठेवली.
"ताई, तुमाला सांगायचं न्हाई म्हनल्या हुत्या भाभी. तुमी उचलून पुन्याला नेलं असतं."
"तुम्हाला माहीत होतं?"
"घरात समद्यांनाच."

परवा फाईल घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. गळ्याखालचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये तिची रक्तवाहिनी चिमटली जात होती. सोनोग्राफीत गुठळी दिसली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग पुण्याला ऑपरेशन करून ती बरगडी काढायची. सगळं लिहून दिलं होतं.
सूज उतरली आणि नसीमने गोळ्या बंद केल्या. शेवटी गुठळी फुप्फुसात गेली.

डॉक्टर म्हणाल्या, "सोबत कोणी असेल तर आत बोलवा, असं मी दर वेळी सांगायचे. त्या म्हणायच्या, एकटीच आलेय."

मी दाराबाहेर होते. दहा पावलांवर.

ऑपरेशनची भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतंस. मी ओरडले असते, हो. पण हात धरून बसलेही असते.

आपल्या शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सगळ्या विचारताहेत, म्हणून लिहिते. कुणाला काय द्यायचं, ते तिने शबानाला आधीच सांगून ठेवलं होतं.
शिलाई मशीन धाकट्या बहिणीला, रुबीनाला.
पुस्तकं नेवाशाच्या शाळेला.
हिरवी शाल आपल्या पुष्पाला. पुष्पा, येऊन घेऊन जा.
कुंड्या शबानाला, मोगरा सोडून. तो शेजारच्या काकूंना.
मला काही नाही. "तिला काही देऊ नका, उराशी धरून रडत बसेल," असं म्हणाली म्हणे.

फाईल मी शबानाकडून कायमची मागून घेतली.

खुदा हाफिज, नसीम. राग गेलेला नाही.