वरून दिसलेला रस्ता

उस्तादांनी जन्मभर ज्या रस्त्यावर ट्रक चालवला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायला तीन दिवस लागायचे, तेही टायरने आणि पोटाने साथ दिली तर. विमान तेच अंतर दुपारच्या जेवणाआधी संपवणार होतं. उस्तादांना हा आपल्या धंद्याचा अपमान वाटला. "एवढ्या वेळात तर आमची ताडपत्री बांधून व्हायची नाही," असं त्यांनी विमानतळावरच्या सुरक्षारक्षकाला ऐकवलं होतं. त्याने ते मुकाट ऐकून घेतलं आणि त्यांना पट्टा काढायला लावला.

शेजारी वहिनी बसल्या होत्या. सख्ख्या भावाची बायको नव्हे, ट्रकवरच्या जोडीदाराची. लांब पल्ल्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या फळीवर झोपतो. अशी दहा-बारा वर्षं काढली की त्याची बायको आपोआप वहिनी होते आणि त्याची मुलगी आपल्याला काका म्हणू लागते. ती मुलगी आता देशाच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करत होती. तिने नवं घर घेतलं, आईला बोलावलं, आणि आईने एकटीने विमानात बसायला साफ नकार दिल्यावर काकांचंही तिकीट पाठवलं. उस्तादांचं स्वतःचं असं कोणी उरलं नव्हतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. माणसं म्हणायची तर या दोघी.

"खिडकी तुम्हीच घ्या, भावजी," वहिनी म्हणाल्या होत्या. "खाली बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय दिसतंय ते सांगा म्हणजे झालं."

म्हणून उस्ताद सांगत होते. शेतांचे तुकडे दिसले, ठिगळं लावलेल्या गोधडीसारखे. वाळूत हरवलेली आणि पुन्हा सापडलेली नदी दिसली. एका गावाचे पत्रे उन्हात एकदम चमकले आणि विझले. माणूस मात्र एकही दिसत नव्हता. इतकी घरं, इतके रस्ते, आणि कोणीच नाही. सगळे आत्ताच उठून कुठेतरी निघून गेले असावेत, असं वाटायचं. उस्तादांना हे अजिबात आवडलं नाही. ते वहिनींना सांगत राहिले की लोक आहेत, लहान दिसतात इतकंच.

मग त्यांना रस्ता सापडला. सिमेंटच्या कारखान्याची जुळी धुराडी दिसली आणि तिथून निघालेली करडी रेघ. या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांच्या कमरेला पाठ होता. "वहिनी, आपला रस्ता!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढचा माणूस मागे वळून बघू लागला. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की पुढे लांब पूल येणार, पुलानंतर सरळसोट माळ, आणि माळाच्या शेवटी ते वळण.

त्या वळणावर जोडीदार नाहीसा झाला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. त्या दिवशी भर दुपारी इंजिन तापलं. आसपास घर नाही, झाड नाही, उजव्या हाताला तेवढं एक उघडंबोडकं टेकाड. "पलीकडे काहीतरी असेल, पाणी घेऊन येतो," म्हणत रेडिओने डबा उचलला आणि बडबडत टेकाड चढून गेला. आवाज काही वेळ येत होता. नंतर तोही थांबला.

उस्ताद थांबले, हाका मारल्या, भोंगा वाजवून वाजवून बॅटरी उतरवली. रस्त्याने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. टेकाडाच्या अर्ध्यावर गेले आणि मागे वळून बघितलं, तर ट्रकचा नुसता टप दिसत होता. आणखी चार पावलं टाकली असती तर तोही दिसेना झाला असता. आणि त्यांच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकलेली असते: भरलेली गाडी नजरेआड करायची नाही. बाप मेला तरी नाही. माल चोरीला गेला तर ड्रायव्हर कामातून जातो, आणि एका मालकाकडून गेला की सगळ्यांकडून. उस्ताद खाली आले.

पोलिसांनी विचारलं, "पलीकडे बघितलं का?" ते म्हणाले, "सगळीकडे बघितलं, साहेब."

मग कोणी कशाला बघतंय? पोलिसांनी चौकशी केली, तेव्हा निघायच्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलं होतं असं निघालं. झालं, सगळ्यांना उत्तर मिळालं. गेला सोडून. कोणी म्हणालं, दुसरीकडे घर केलं. वहिनींनी ती बोलणी आयुष्यभर ऐकली, नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि तरी ती भाड्याची खोली काही सोडली नाही. आला तर त्याला पत्ता ठाऊक असलेली तेवढी एकच जागा होती. मुलीने मात्र बापाचं नावच टाकलं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, मला काका आहेत.

आणि काका त्या वळणावरून वर्षानुवर्षं जात होते. गाडी हळू करायचे, भोंगा द्यायचे, पुढच्या खेपेला नक्की चढून बघू म्हणायचे. पुढची खेप आली की टेकाडावर कोणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं आणि पाय आपोआप वेग वाढवायचा. नव्या जोडीदारांना ते रेडिओ म्हणूनच हाक मारत; दोघं-तिघं त्यामुळे सोडून गेले. एकदा बाजारात एका माणसाच्या पाठीमागून ते गल्लोगल्ली फिरले. त्याने वळून पाहिलं तेव्हा तो कोणी भलताच होता, आणि उस्तादांना सुटल्यासारखं वाटलं. त्याची नंतर त्यांना शरम वाटली.

आता पूल गेला. माळ गेला. वळण आलं.

ज्या टेकाडाने त्यांना इतकी वर्षं अडवलं होतं, ते वरून टेकाड वाटतच नव्हतं. जमिनीचा रंग जरा बदलला होता, एवढंच. आणि त्याला लागूनच, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एक चौकोनी हिरवं पाणी होतं. तळ्याचा काठ वेडावाकडा असतो, उतरता असतो. याच्या बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. दगडाची जुनी खाण. तिची वाट पलीकडच्या बाजूने उतरत होती, म्हणून हमरस्त्यावरून कधी कोणाला कळली नाही. उस्तादांनी अशा खाणींतून माल भरला होता. काठावरचा दगड कसा सुटतो आणि आत पडलेल्याला धरायला काहीच कसं मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"का हो, एकदम गप्प झालात?" वहिनींनी विचारलं. "काय दिसतंय?"

काही नाही, म्हणता आलं असतं. ढग आलेत, म्हणता आलं असतं. खाण मागे सरकत होती. आणखी थोडा वेळ गप्प बसलं की पंखाखाली जाणार आणि संपणार. संध्याकाळी नव्या घरात मुलगी त्यांना पहिला चहा देणार. उस्तादांना तो चहा हवा होता. फार हवा होता.

"वहिनी," ते म्हणाले, "इकडे वाका. ते वळण बघा, आणि त्याच्या बाजूचं ते हिरवं पाणी. खाण आहे."

वहिनी वाकल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि ते पाणी पंखाखाली जाईपर्यंत त्या पाहतच राहिल्या. पोटातल्या गोळ्याची त्यांना आठवणही झाली नसावी.

"तिथेच?"

"तिथेच. टेकाडाच्या पलीकडे."

"त्यांना पोहता येत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे ते येत होते हो. पाणी घेऊन परतच येत होते. आणि मी..." त्यांनी तोंडाला पदर लावला. उस्तादांनी इतक्या वर्षांत त्यांना रागाने रडताना पाहिलं होतं, असं कधीच नाही.

विमान उतरायला लागलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि सरळ उस्तादांकडे पाहिलं. "पण तुम्ही तर सगळीकडे बघितलं होतं ना, भावजी?"

उस्तादांनी मान हलवली. नाही.

वहिनींनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला तुम्हीच सांगायचं. माझ्या तोंडून नाही."

बाहेर मुलगी उभी होती. ती धावत आली ती आधी काकांकडेच. त्यांच्या हातातली बॅग घेतली, दंडाला धरलं. "काय काका, जमला का विमानाचा प्रवास? की ड्रायव्हरला नावं ठेवत आलात?"

"पोरी," उस्ताद म्हणाले, "तुझा बाप तुला सोडून गेला नव्हता." आणि तिथेच, लोक अंगावरून ये-जा करत असताना, त्यांनी सगळं सांगितलं. खाण सांगितली, ट्रक सांगितला, पोलिसांना दिलेलं उत्तर सांगितलं. स्वतःच्या बाजूचं काही बोलले नाहीत.

मुलगी ऐकत होती. एकदा तिने आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे बघत होती. काकांच्या दंडावरचा हात मुलीने अजून काढला नव्हता.

"काका, वर चढून बघायला किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं," उस्ताद म्हणाले. "फार तर दहा."

तिने हात काढून घेतला आणि ती आईजवळ जाऊन उभी राहिली.