छातीतली गिरणी

आमच्या पहिल्या मुलाच्या छातीतून जन्मापासून एक आवाज यायचा. लांबवर धानगिरणी चालू असावी तसा, न थांबणारा. तळहात ठेवला की थरथर हाताला लागे. झोपेतही बायकोचा हात तिथेच असायचा. आवाज आहे तोवर मूल आहे, एवढा तिचा हिशेब.

मूल धापा टाकायचं, वाढत नव्हतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाजवळची एक नळी जन्मल्यावर आपोआप मिटायला हवी होती, ती उघडीच राहिली. ती बांधावी लागेल. बायको विषमज्वराने अंथरुणात होती, म्हणून मी आणि माझी बहीण त्याला घेऊन गेलो. ऑपरेशन पार पडलं. जखम पुरती भरेपर्यंत गोंदियाच्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं. बरी झाल्यावर बायको गावाहून तिथेच आली.

तिने नेहमीसारखा हात ठेवला. मग काढून पदराला पुसला.

“अजी, हे कोनाचं लेकरू आनलं?”

“आपलंच. नळी बांधली, म्हणून आवाज गेला.”

“आपलं वाजे. हे काऊन उगंमुगं हाय?”

नर्स हसली. “क्या बाई, यहाँ बच्चे बदलने की दुकान लगी है क्या?”

“इथं नाही. मुंबईत बदललं असन.”

मी तिला उजव्या कानामागचा डाग दाखवला, पायाची वाकडी करंगळी दाखवली. तिने दोन्ही नीट पाहिलं.

“खुना आपल्याच हायेत,” ती म्हणाली. “लेकरू नाही.”

तिने त्याला घेतलं नाही. आणि मूल माझ्या किंवा नर्सच्या हातून दूध घेईना. बोंडलं तोंडाशी नेलं की ओठ मिटायचं. वजन अर्धा पौंड उतरलं. असंच उतरत गेलं तर जखम भरणार नाही, मूल हाती लागणार नाही, असं नर्सने मला बाजूला नेऊन सांगितलं.

ते रडतही नव्हतं. पूर्वीचं कुरकुरं मूल आता भर दुपारी दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावून पडायचं, तिथून कोणी बोलतंय आणि आपण ऐकतोय असं. मी छातीवर हात ठेवायचो. आत ठोके लागत, बारीक, एकसारखे; रिकाम्या घरात कोणी चालावं तसे. मुंबईच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवर अशीच डोकं भादरलेली, पांढऱ्या झबल्यातली मुलं होती, हे मला आठवू लागलं. मी कानामागचा डाग पुन्हा पाहिला. बायको माझ्याकडे बघत होती. 

एका दुपारी मुलाची मान लुळी पडली. नर्सने घातलेलं दूध गालावरून ओघळलं. बायको उठली आणि तिच्या हातून बोंडलं घेतलं.

“आन इकडे. ज्याचं हाय त्याची माय येयेपर्यंत पाजतो मी.”

मुलाने आधी ओठ हलवले, मग घोट घेतला. त्यानंतर ते फक्त तिच्याच हातून पीत राहिलं. वजन चढलं. ती त्याचं सगळं निगुतीने करायची, पण व्हरांड्यात बाईमाणसाची पावलं वाजली की दाराकडे बघायची. मीही बघायचो.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी गाडी ठरवून आलो, तर ती मुलाला कडेवर घेऊन फाटकावरच्या चौकीदाराला आमच्या गावची वाट समजावत होती. तिरोड्याला उतरायचं, मग बोदलकशाचा रस्ता धरायचा.

“कोनी बाई इचारत आली तर सांगजो,” ती म्हणाली, “लेकरू खुशाल हाय म्हनून.”