गोल मैदानातला कोपरा

आमच्या हिच्या मामांइतका टिकाऊ माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. कारखान्यात साहेब आले-गेले, माणसांच्या बदल्या झाल्या, पण मामा स्टोअरमध्ये ज्या टेबलाशी पहिल्या दिवशी बसले तिथूनच रिटायर झाले. "साहेबाच्या डोळ्यांसमोर यायचं नाही आणि नजरेआडही व्हायचं नाही, जावईबापू. बस, एवढंच!" लग्नाच्या पंगतीतही ते अशा जागी बसतात की वाढप्याचा धक्का लागत नाही आणि जिलबी मात्र दोनदा येते.

हीच विद्या हल्ली मोबाइलवर चालते. पुण्याच्या नातीने, सईने, त्यांना एक खेळ शिकवलाय. गोल मैदान, भोवती पाणी, जोड्याजोड्यांनी एकमेकांना ढकलायचं. मैदान आक्रसत जातं आणि शेवटी जो उरेल त्याची जोडी जिंकते. दर रविवारी सकाळी, भोपाळातल्या सोनागिरी कॉलनीतल्या घरी, मांडीवर पोह्यांची बशी घेऊन मामा रणांगणात उतरतात आणि तडक कोपरा गाठतात. गोल मैदानातही या माणसाला कोपरा सापडतो हो! सई मात्र सुरुवातीलाच कुणावर तरी तुटून पडते आणि पाण्यात जाते. मग मामा पडेपर्यंत तिला नुसतं बघत बसावं लागतं. खेळताना फोनवर बोलणं चालूच असतं, तेवढ्यात मामा विचारून घेतात, खोकला गेला का, मैत्रिणीशी बोलणं सुरू झालं का. एरवी फोनवर पोरगी "हं"च्या पुढे जात नाही. म्हणून मामा पडत नाहीत. कुणाला ढकलत नाहीत, त्यामुळे जिंकतही नाहीत.

गेल्या रविवारी मी मामांशेजारीच बसलो होतो, तेव्हा सई चिडलीच. "आजोबा, आज हरलो ना, तर पुढच्या वेळेपासून मी वर्गातल्या मुलींबरोबर खेळणार!"

मामांचे पोहे गार झाले. मैदान ताटाएवढं उरलं, त्यावर मामा आणि एक हिरवा पठ्ठ्या, तोही पाठमोरा, अगदी काठावर.

"ढकला, आजोबा!"

"ढकलतो गं. पण तुझी ती परीक्षा कशी गेली?"

"आजोबाऽऽ!"

"माफ करना, भैया," म्हणत मामांनी धक्का दिला.

सईने काय आरडाओरडा केला म्हणता! "जिंकलोऽ! मैत्रिणींना सांगते हं, बाय!" आणि फोन बंद. मीही आनंदाने मामांचा हात धरून गदागदा हलवला. ते अजून फोनकडेच बघत होते.

"जिंकलो खरं, जावईबापू," ते म्हणाले, "पण फार लवकर जिंकलो हो."