डिलीट मॅडम

बाकीचे प्राध्यापक वर्गात आले की म्हणायचे, "मोबाईल आत ठेवा." आमच्या डिलीट मॅडम उंबऱ्यातूनच ओरडायच्या, "मोबाईल बाहेर काढा! सकाळपासून आलेले गुलाब, चहाचे कप, सुप्रभात, सगळं उडवा." मग बाकांमधून फिरत प्रत्येकाच्या फोनमध्ये डोकावायच्या. "हे गुलाब सांभाळायला कुठंतरी मोठमोठी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात. खोपोलीला डोंगरावरून पाणी सोडून वीज करतात, ती काय तुझ्या काकूचे फोटो जपायला रं?" ज्याच्या काकूचा उद्धार व्हायचा तो मुकाट्याने पुसायला लागायचा. हजेरीपटावर त्यांचं दुसरं काही नाव होतं, पण ते कुणाला आठवायचं नाही.

मॅडम कडाव गावच्या. घरी भातशेती, गोठ्यात म्हशी, आणि कॉलेजात पर्यावरण हा विषय, जो मुलं केवळ पास व्हायचं म्हणून घेतात. नोकरी तासिका तत्त्वावरची. म्हणजे वर्ष संपलं की रामराम, पुढच्या वर्षी बोलावलं तर यायचं. त्यामुळे निदान प्राचार्यांसमोर तरी जीभ आवरून बोलावं, असं आम्हाला वाटायचं. त्यांना वाटायचं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला गेले आणि कॉलेज एकदम स्मार्ट झालं. भिंतीवर भला मोठा बोर्ड, सकाळचे तास ऑनलाइन आणि हजेरी ॲपवर. आता आमची वाडी पार डोंगराच्या पायथ्याशी. तिथे रेंज आली तर आली, नाहीतर नाही. ॲपला त्याचं काय? त्याने माझ्या नावापुढे शून्य मांडलं ते मांडलंच. मग नोटीस लागली: हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही, पालकांना घेऊन यावं. आबा म्हणाले, "परीक्षाच नाय तर कॉलेज कशाला गं? खोपोलीचं स्थळ कधीचं थांबलंय." स्थळ वाईट नव्हतं. पण मला पदवी पाहिजे होती, आणि ती डोळ्यांदेखत हातची जात होती. मी चुलीपुढे बसून रडले, आणि धुराचं निमित्त सांगितलं.

मॅडमनी मात्र त्याआधीच आपला उद्योग सुरू केलेला होता. कडावच्या डेअरीचा टेंपो रोज आमच्या वाड्यांवर यायचा, सकाळी दूध न्यायला आणि संध्याकाळी रिकामे कॅन द्यायला. मॅडम मोबाईलवर लेक्चर बोलायच्या, मेमरी कार्डात भरायच्या आणि संध्याकाळच्या टेंपोतून पाठवायच्या. सकाळी दुधाबरोबर कार्ड परत. त्यात आमची उत्तरं आमच्याच आवाजात. "टेंपो तसाही जाणारच हाय. एक थेंब डिझेल जास्त जळत नाय," असं त्या अभिमानाने सांगायच्या.

व्हिडिओ नाही, नुसता आवाज. "माझं तोंड बघून तुला ओझोन कळणार हाय का?" आणि लेक्चर किती मोठं? तर चुलीवरचं दूध उतू जायच्या आत संपेल एवढं. गंमत म्हणजे दुनियेला डिलीट करायला लावणाऱ्या या बाई स्वतःच्या लेक्चरमधलं एक अक्षर कापायच्या नाहीत. वेळ मिळायचा तो धार काढतानाच, म्हणून सगळा अभ्यासक्रम गोठ्यात रेकॉर्ड झालेला. त्यात बादलीचा आवाज, शेजारणीशी भांडण, आणि चंद्री नावाच्या म्हशीला दिलेल्या शिव्या. आम्ही तक्रार केली तर म्हणाल्या, "चंद्री पण स्टाफच हाय आमची." भाकऱ्या थापताना मी ती लेक्चरं इतकी ऐकली की शिव्यांसकट पाठ झाली.

आबांना घेऊन मी कॉलेजात गेले, त्याच दिवशी मूल्यांकन समिती आली होती. हरित परिसर दाखवायला नर्सरीतून कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. मॅडम तांब्या घेऊन कुंडीकुंडीशी जात होत्या. प्राचार्यांनी डोळे वटारले तर म्हणाल्या, "पाहुणे हायत सर, संध्याकाळी जातील बिचारे. पाणी तरी विचारायला नको?"

स्मार्ट बोर्डवर ऑनलाइन तासाला बसलेल्यांची नावं झळकत होती. आम्ही नोटीसवाल्या सोडून हजेरी पूर्ण. प्राचार्यांची छाती फुगली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "यातल्या कुणालाही विचारतो. मिथेनबद्दल सांगा." बोर्ड गप्प. पुन्हा विचारलं. तेव्हा कुणाच्या तरी चालू राहिलेल्या माईकमधून खणखणीत आवाज आला, "दोन वडापाव, चटणी वाढव!" हजेरी लावून सगळी मंडळी कॅन्टीनला गेली होती.

प्राचार्य काही बोलायच्या आत मॅडमनी दारातल्या मला दंडाला धरून पुढे ओढलं. "हिला विचारा सर. हिची हजेरी शून्य हाय."

आबा बघत होते. डोळे मिटले आणि जे पाठ होतं ते सुरू केलं. "मिथेन हा हरितगृह वायू असून तो पाणी साचलेल्या भातखाचरांतून आणि रवंथ करणाऱ्या जनावरांतून, चंद्रे, मेले, पाय काढ बादलीतून, मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो."

मग अध्यक्ष हसायला लागले ते थांबेनात. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "ही चंद्री कोण?" मॅडमनी सगळी हकीकत सांगितली आणि पर्समधून कार्डांची पुरचुंडी काढली. अध्यक्षांनी माझी उत्तरं एकामागून एक ऐकली आणि प्राचार्यांना म्हणाले, "ही हजेरी नाही तर काय?" प्राचार्यांना सगळ्यांसमोर मान डोलवावी लागली. माझं आणि वाड्यांवरच्या बाकीच्या मुलींचं नाव नोटिशीतून निघालं. परतताना आबा म्हणाले, "स्थळाला कळवतो, पोरगी शिकतेय म्हणून. म्हैस दूध किती देते गं ती?"

मी पास झाले. मॅडमना पुढच्या वर्षी बोलावलं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात मात्र दुधाचा टेंपो छापून आला, शेजारी हसरे प्राचार्य. माझा संताप संताप झाला. ते घेऊन मी कडावला गेले, तर मॅडम उलट खूश. "माझा फोटो नाय ते बरंच झालं. तेवढी शाई वाचली."

यंदा माझं एमएस्सी झालं, आणि त्याच कॉलेजातून मला बोलावणं आलं. पर्यावरणाचे तास, तासिका तत्त्वावर. मॅडमचेच. मला ते घ्यायची लाज वाटली, आणि सोडायचीही हिंमत होईना. पुन्हा कडाव गाठलं. मॅडम शेण काढत होत्या. ऐकलं, हात धुतले, पदराला पुसले.

"घे की गं. मी काय रुसून बसलेय? फक्त पहिल्या दिवशी वर्गात गेलीस की आलेली पोरं मोजत बसू नको. कोण आलं नाय आणि का आलं नाय, ते विचार."

सोमवारी गेले. विचारलं. वर्गाला वाटलं, नव्या मॅडम ओरडणार. मग मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या वाडीतल्या दोघी हायत. त्यांच्या घराकडं रेंज नाय, हजेरी लागत नाय, म्हणून घरचे पाठवत नायत."

मी फळ्याकडे तोंड केलं आणि डोळे पुसले. मग विचारलं, "तुमच्याकडे दुधाचा टेंपो किती वाजता येतो?"