चावी नसलेलं घड्याळ

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. पोशीरमध्ये तेव्हा फार थोड्या घरांत होतं, पण बाकीच्यांचं अडत नसे, आमचं अडायचं. बा दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायचा. आभाळ भरलेलं असलं की वेळेचा अंदाज चुकायचा, आणि उशिरा आलेल्या गड्याला मालक बांधावरूनच परत पाठवायचे. तसा दिवस आला की संध्याकाळी आय पेजेत पाणी वाढवायची. म्हणून बा कायम लवकर निघायचा आणि दुसऱ्याच्या बांधावर उजाडायची वाट बघत बसायचा.

मी आखातात निघालो त्या दिवशीही तसंच झालं. आम्ही नेरळ स्टेशनात पोचलो तेव्हा फलाटावर फक्त कुत्री होती. माझी ट्रंक बाच्या डोक्यावर. मी म्हणालो, दे इकडं.

"बी. ए. झालास ना? मंग गप चाल."

बाने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा मी लहान होतो. पाटावरचे देव गेले आणि त्या जागी माझी पाटी आली, एवढं आठवतं. त्या पाटीवरून मी बी. ए.पर्यंत गेलो. आमच्या सगळ्या भावकीत पहिला. हे मी अभिमानाने सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पुढे साजगावच्या एका कारखान्यात टाइमकीपर झालो, म्हणजे कामगार गेटात कधी शिरला ते लिहायचं. तेच काम तिकडेही मिळालं. गाडी आली तेव्हा बा एवढंच बोलला, "लवकर जात जा रं कामावर." मी डब्यात चढलो. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिकडे माझी ड्यूटी समुद्रात, बार्जवर, म्हणजे सपाट बुडाच्या कामाच्या बोटीवर. डायव्हर पाण्यात कधी उतरला, वर कधी आला, ते मी लिहायचो. नाना देशांची माणसं, पण बहुतेकांच्या मनगटावर एकच घड्याळ. जपानी, दगडासारखं जाड, रबरी पट्ट्याचं. काचेभोवती एक कडं असायचं. उडी मारण्याआधी ते फिरवून मिनिटकाट्याशी जुळवायचं, म्हणजे खाली किती वेळ गेला ते कळतं. पाण्याखाली उशीर चालत नाही. हे मला बाने आधीच शिकवलं होतं.

पहिल्या सुट्टीआधी मी तसलंच घड्याळ घेतलं. दुकानदार मल्याळी, बोलका. म्हणाला, या कंपनीचा मूळ मालक जुनी घड्याळं दुरुस्त करून विकायचा. मोठा भूकंप झाला, आग लागली, त्यात दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळंही जळाली. त्याने गिऱ्हाइकांना बोलावून नवी घड्याळं दिली. मला ती गोष्ट विकण्यासाठी रचलेली वाटली. तरी घड्याळ घेतलं.

बाने ते दोन्ही हातांत धरलं, उलटंपालटं केलं. "चावी कुठनं द्यायची रं?"

"ह्याला चावी नाय. ऑटोमॅटिक हाय. काय करावं लागत नाय."

काही करावं लागत नाही म्हटल्यावर बाने काहीच केलं नाही. आयच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. पुढच्या सुट्टीला आलो तर बा माझ्याशी धड बोलेना. जेवणं झाल्यावर पुडकं काढून समोर ठेवलं.

"मेलं रं ते. मी हात सुदिक लावला नाय. दोन वर्सं जिवाला घोर हाय माज्या."

मी उचलून दोन-चारदा हलवलं. सेकंदकाटा चालू लागला. मी हसलो, बा हसला नाही. मग मी त्याला नीट सांगितलं, की आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप दिली जाते. हातावर असेल तोवर चालणार, ठेवून दिलं की थांबणार.

"म्हंजी कामाला लावलं तरच जगतंय. माज्यावानीच हाय की."

"मंग नांदंल तुमच्यासंगं," आय म्हणाली. पट्टा डायव्हरच्या रबरी सुटावरून बांधायचा, म्हणून भलता लांब. आयने चुलीत दाभण तापवून त्याला बाच्या मनगटाजोगं भोक पाडलं.

त्या पावसाळ्यात बा घड्याळ घालून लावणीला गेला. माझी बहीण कमल सोबत होती, तिनेच हे सांगितलं. मालक बांधावरून ओरडले, "काय रं, चिखलात घड्याळ? कलेक्टर झालास का?"

बाने रोपं खाली ठेवली नाहीत. "पान्यातलंच हाय मालक. समिंदरात चालतंय, तुमच्या शेतात का नाय चालनार?"

बायका हसल्या. पुढे पुढे मालकच विचारायला लागले, "किती वाजलं रं?"

मग एका वर्षी कमलचं पत्र आलं. बाला लकवा मारला. डावी बाजू गेली. मी साहेबाकडे गेलो. पासपोर्ट ऑफिसात होता, माझ्या जागी माणूस नव्हता, काँट्रॅक्ट उरलं होतं. सुट्टी मिळाली नाही. परत येऊन वही उघडली. तीन डायव्हर खाली होते, त्यांच्या वेळा लिहिल्या. मेसमध्ये कोंबडी होती, ती जेवलो. रूममेटने विचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हणालो, हो. तुमच्यापैकी जे बाहेर गेले त्यांना हे समजावून सांगायला नको. जे मागे राहिले त्यांना समजावता येत नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात रोज हलवा, नाहीतर आखडून जाईल. बा हलवू देईना. "मेलेला हात हाय. ऱ्हाऊ द्या." कमल रडली, शेजारी समजावून गेले. बा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घड्याळ त्याच हातावर होतं. आयने पाहिलं, ते थांबलं होतं.

आय फार बोलणारी नाही. तिने तो हात उचलला आणि म्हणाली, "हात मेला तर मेला. पोराचं घड्याळ कशापायी मारता?"

बाने तोंड भिंतीकडून घड्याळाकडे वळवलं. त्या दिवसापासून आय सकाळ-संध्याकाळ हात वर-खाली करायची. बा डोळे काट्यावर लावून पडून असायचा. काटा चालला की म्हणायचा, "हां, चाललं." एकदा आयला भात कांडून यायला उशीर झाला, तर बा घामाघूम. तो हात स्वतःच हलवायला बघत होता. बोटं हलली होती.

काँट्रॅक्ट संपवून मी घरी आलो तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. माझ्या वाट्याला ऐकणंच आलं.

आता माझा संसार तिकडेच आहे. मुलगी पोशीरला 'इंडिया' म्हणते. दोन्हीकडच्या खोल्यांत मला कोणी पाहुण्यासारखं वागवत नाही, पण पेला कुठे ठेवलाय ते विचारावंच लागतं. घर म्हणजे काय, असं मुलीने परवा विचारलं. मला नेरळचा फलाट आठवला. गेल्या सुट्टीत उतरलो तेव्हा बाकावर बा बसला होता, कधीचा आलेला कोण जाणे. मला बघून त्याने डावा हात उचलला. सावकाश, पण स्वतः. घड्याळ डोळ्यांसमोर नेलं.

"उशीर केलास रं."

घर म्हणजे तो बाक.

आमच्या भावकीतला मी पहिला पदवीधर. कुडाच्या जागी विटांच्या भिंती झाल्या. कमल शाळेत शिकवते. बाचा डावा हात कपाळापर्यंत वर जातो.