साडेआठ सेंटिमीटरचं पान

"गावडे, पान आखूड होतं का रे?"

वाघमारे मॅडमनी वही माझ्यासमोर धरली होती. माझा उजवा हात कोपरापर्यंत त्यांच्या टँकमध्ये होता.

"डावीकडचं झुडूप, सगळ्यात उंच पान. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, अकरा सेंटिमीटर. पुढच्याच रविवारी साडेआठ."

"उंच पान गळलं असेल, मॅडम."

"गळलं तर पानं कमी व्हायला हवीत ना? नवाची बारा झालीत."

"नवीन फुटली."

"आठ दिवसांत? आणि सगळी एकदम मोठी?"

"औषध चांगलं आहे."

त्यांनी वहीकडे पाहिलं. मग चष्मा काढून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "की मीच चुकीचं लिहिलं?"

इथे मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होतं कधीकधी."

हे दोन शब्द मला अजून सोडत नाहीत. म्हणून आता सगळं लिहून टाकतो.

मी ॲक्वेरियम मेंटेनन्सवाला. घाटकोपरच्या एका दुकानात बावीस वर्षं आहे. लोकांच्या घरी, ऑफिसात, दवाखान्यात जाऊन टँकचं पाणी बदलायचं, काच घासायची, फिल्टर धुवायचा. पंधरा दिवसांनी एक व्हिजिट. या धंद्यात आमच्या शेठचा पहिल्या दिवसापासून एकच नियम: "मेलेलं काही क्लायंटला दिसता कामा नये." मासा मेला तर तसाच दुसरा आणून गुपचूप सोडायचा. मुलुंडला दातांच्या एका क्लिनिकमध्ये काळा गोल्डफिश आहे. डॉक्टर पेशंटना कौतुकाने सांगतात, हा माझ्याकडे आठ वर्षं आहे. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तो सहावा होता.

कोणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटायचं. माशाचं बिघडायचं, पण तो तक्रार करत नाही.

वाघमारे मॅडम मुलुंड पूर्वेला राहतात, एकट्याच. पालिकेच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली, रिटायर झाल्या. हॉलमध्ये बुद्धमूर्तीशेजारी एक टेबल रिकामं होतं, तिथे त्यांना टँक हवा होता.

"मासे चार-पाच पुरेत. झाडं मात्र खरी पाहिजेत," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "प्लॅस्टिकचं काही नको. येतं ना तुला?"

"येतं की!"

मला येत नव्हतं. माझी सगळी वर्षं माशांत आणि प्लॅस्टिकच्या झाडांत गेली. जिवंत झाडांची फॅशन आमच्याकडे आत्ताआत्ता आली. पण पन्नाशीला आलेला माणूस क्लायंटसमोर 'नाही येत' म्हणत नाही. निदान मी तरी म्हणायचो नाही. तसा मी बोलतोच कमी. न बोलण्याचा फायदा असा, की काय येत नाही ते लवकर कळत नाही.

दुकानात नर्सरीची झाडं दर गुरुवारी येतात, छोट्या जाळीदार कुंड्यांत. त्यातली 'क्रिप्ट' नावाची झुडपं मी निवडली. हिरवी, बुटकी, फार उजेड लागत नाही. नवशिक्याला सगळ्यात सोपी, असं शेठ म्हणाले. मी बारीक खडीत तीन झुडपं लावली. दिवा सहा तास. मासे सोडले. टँक झकास दिसत होता.

दहाव्या दिवशी फोन आला. "गावडे, पानं काचेसारखी व्हायला लागलीत. हात लावला की विरघळतात."

"येतो. औषध टाकतो."

गेलो. वाट लागली होती. पानांना भोकं, कडांना तपकिरी बुळबुळीत थर. मी शेठचा नियम आठवला. पिशवीत नवीन झुडपं होतीच. मॅडम म्हणाल्या, "बस, चहा ठेवते." त्यांचा चहा आलं कुटण्यापासून सुरू होतो. दहा मिनिटं मिळाली. जुनी झुडपं उपटली, नवीन लावली, बाटलीतून दोन निळे थेंब टाकले. ते नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायचे थेंब होते. झाडाला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

त्या कप घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अरे, सुधारली!"

"खराब पानं कापली. आतली चांगली वर आली."

त्यांनी वहीत लिहिलं: 'औषधाचा उत्तम परिणाम.'

मग हे दर व्हिजिटला सुरू झालं. झाडं विरघळायची, मी बदलायचो, चहा प्यायचो. एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती. बाई सत्तावीस वर्षं लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजत होत्या. त्या दर रविवारी सकाळी स्टीलची पट्टी पाण्यात घालून पानं मोजायच्या. झुडूप एक, पानं नऊ. झुडूप दोन, पानं सात. उंची, रंग, तारीख. मी आणलेलं झुडूप आधीच्याच मापाचं असेलच असं नव्हतं. त्यांच्या वहीत झाड कधी उंच व्हायचं, कधी आखूड, कधी एका आठवड्यात पाच पानं जास्त.

साडेआठ सेंटिमीटरच्या त्या दिवशी मी निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "नोकरीत माझा एक रिपोर्ट परत आला नाही रे. आता पानं मोजता येत नाहीत. आमच्या अक्काचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे चुकायचे, मग माणसं. शेवटी मला ओळखायची नाही ती."

मी चपला घालत होतो. घालतच राहिलो.

"मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय," त्या म्हणाल्या. "बघू."

तिथून थेट दुकानात गेलो आणि शेठना सांगितलं.

"गावडे, दिमाग खराब झालाय काय?" शेठ म्हणाले. "आज एकीला सांगशील, उद्या सगळे विचारतील. डॉक्टर तपासतील ना तिला? काही निघणार नाही. विषय खतम."

घरी, कांजूरला, बायकोने ताट वाढलं. मी नुसता भात कालवत बसलो. तिने दोनदा विचारलं, तेव्हा सांगितलं. ती मालवणची. ती म्हणाली, "मगे सांगून टाका तेंका. जेवण थंड होता." तिच्या दृष्टीने एवढं सोपं होतं. मी पंधरा दिवस गप्प राहिलो.

पुढच्या व्हिजिटच्या शनिवारी गेलो तेव्हा दारावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. 'किल्ली घेतली?' किचनच्या दारावर दुसरी. 'गॅस बंद?' टेलिफोनजवळ, फ्रिजवर, गोळ्यांच्या डब्यावर. सगळं लॅबमधल्या त्या ठसठशीत अक्षरात.

"डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट ठीक आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा म्हणाले. म्हणून आपली खबरदारी. बाहेर एकटी जातच नाही हल्ली फारशी." त्या हसल्या. "बस, चहा ठेवते."

मी टँकपाशी गेलो. काचेच्या कोपऱ्यावर एक चिठ्ठी होती. 'दोनदा मोजणे. स्वतःवर विश्वास ठेवू नये.'

पिशवीत नवीन झुडपं होती. मी ती जमिनीवर ठेवली.

"मॅडम, चहा नको. इकडे या."

"काय झालं? मासा मेला का?"

"तुमचं पान साडेआठच होतं."

"काय?"

"आणि अकरा होतं तेव्हा अकराच होतं. झाडंच वेगळी होती. मी बदलायचो. तुम्ही चहाला आत गेलात की."

त्यांनी वेताचा मोढा ओढला आणि बसल्या. मग वही उघडली, लाल पेन काढलं आणि माझ्याकडे दिलं.

"तारखा सांग. प्रत्येक वेळची. फुली मार."

मी फुल्या मारत गेलो. पाच झाल्या. त्या प्रत्येक फुलीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे बोट ठेवून वाचत होत्या. दोन फुल्यांच्या मधल्या आकड्यांत काहीच गोंधळ नव्हता, पानं विरघळत गेली तसे ते कमी होत गेले होते.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"सगळंच?"

"सगळंच, मॅडम."

त्या उठल्या. टँकवरची चिठ्ठी काढली. मग किचनच्या दारावरची, फ्रिजवरची, एकेक करत मुख्य दारापर्यंत गेल्या. ते उघडं धरून उभ्या राहिल्या.

"मी त्या एमआरआयच्या मशीनमध्ये अर्धा तास अक्काचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पडले होते, गावडे. आता जा तू."

मी गेलो. पिशवी तिथेच राहिली.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज कोरडा होता. "ही झाडं का मरतात, ते तुला माहीत आहे का?"

"नाही, मॅडम." बावीस वर्षांत क्लायंटला पहिल्यांदा हे म्हणालो.

"मग या वेळी काही काढायचं नाही. काही टाकायचं नाही. बघू या काय होतं ते. शनिवारी ये. फक्त पाणी बदलायचं."

मी शनिवारी गेलो. त्या समोर मोढ्यावर बसून राहिल्या. झाडं नेहमीसारखी विरघळली. या वेळी मी फक्त विरघळलेली पानं नळीने ओढून घेतली, मुळं तशीच ठेवली. महिनाभर टँकमध्ये खडी, तीन खुंट आणि पाच मासे. शेठनी विचारलं, "वो मुलुंडवाली का टँक कैसा है?" मी सांगितलं, टकला आहे.

पाचव्या आठवड्यात सकाळी सातला फोन वाजला.

"गावडे, डावीकडचं झुडूप. मधून काहीतरी आलंय. नखाएवढं."

गेलो. खरंच आलं होतं. अरुंद, गडद, नर्सरीच्या पानासारखं अजिबात नाही. नंतर नर्सरीच्या माणसाला गाठून विचारलं, तेव्हा तो हसायलाच लागला. नर्सरीत ही झाडं मुळं पाण्यात आणि पानं हवेत ठेवून वाढवतात. टँकमध्ये पूर्ण बुडाली की हवेतली पानं टाकून देतात. मुळं जिवंत राहतात आणि महिन्याभराने पाण्यातली नवीन पानं काढतात. हलवलं की परत पहिल्यापासून. म्हणजे ती झाडं मरतच नव्हती. मी दर पंधरवड्याला जिवंत झाडं उपटून कचऱ्यात टाकत होतो, आणि नवीन आणून त्यांनाही तीच पाळी आणत होतो.

मॅडमनी वहीत लिहिलं: 'झुडूप एक, पान एक, ०.८ सें.मी. स्वतःचे.'

आता त्या टँकमध्ये खडी दिसत नाही. मॅडम रोज सकाळी एकट्या बाजारात जातात, आणि शेजारच्या दोन घरांत त्यांनीच टँक लावून दिलेत. मला बोलावलं नाही. बरोबरच आहे.

नवीन क्लायंटला मी आता आधीच सांगतो: झाडं लावल्यावर ती कुजल्यासारखी दिसतील, पहिला महिना हात खिशात ठेवा. शेठना हे आवडत नाही. दातांच्या डॉक्टरांना मात्र मी अजून सांगितलेलं नाही. तो मासा आता सातवा आहे. या शनिवारी सांगीन म्हणतो.

मॅडमकडे व्हिजिट अजून माझीच आहे. चहाही मिळतो. फक्त तो आता मी यायच्या आधीच थर्मासमध्ये भरलेला असतो.